बाल्कनीतले पासवाले

दसरा उलटला की यवतमाळकडे येणाऱ्या रस्त्यांवर बाभळींना कापूस लागतो. मालाने फुगलेल्या गाड्या खालून जातात आणि काटे आपला वाटा काढून घेतात. बाहेरगावच्या पाहुण्यांना ते फार आवडतं. गाडी थांबवून फोटो काढतात, पांढऱ्या फुलांचं झाड म्हणून नातेवाइकांना पाठवतात. मला मात्र तो कापूस दिसला की पहिला प्रश्न पडतो तो असा, की एवढा माल वाटेत सांडला तर मोजताना वजन कोणाचं कमी भरलं?

स्वभाव म्हणा, नाही तर धंद्याचा परिणाम म्हणा. निम्मं आयुष्य मी पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये काढलं आहे. माणूस समोर बसून सांगतो, "मॅडम, गोड पूर्ण बंद केलं," आणि त्याची बाटली काही निराळंच सांगत असते. माणसावर मी रागावत नाही. बाटलीवर विश्वास ठेवते, एवढंच.

यंदा दिवाळीनंतर आमच्या मुलीने, सायलीने, पुण्याहून फोनवर दोन तिकिटं पाठवली. यवतमाळातल्या नव्या मल्टिप्लेक्सची. "आई-बाबा, दोघं जाऊन या, कुठेच जात नाही तुम्ही." तिकिटांखाली किंमत होती आणि तिच्याखाली आणखी एक रक्कम. मी विचारलं, ही कशाची?

"सोयीचे पैसे असतात ते, आई. घरबसल्या तिकीट मिळतं ना."

"घरबसल्या मिळालं म्हणजे खिडकीवरचा माणूस वाचला. त्याचा पगार त्यांच्या खिशात. त्याचे पैसे त्यांनी आपल्याला द्यायला हवेत."

"आई, प्लीज."

"आणि मंगळवारी हीच खुर्ची स्वस्त आहे म्हणे. भाजी निदान नासते तरी, म्हणून तिचा भाव खालीवर होतो. सिनेमा शनिवारी काय जास्त पिकतो?"

तिने फोन तिच्या बाबांकडे द्यायला सांगितला.

सिनेमा महाग झाला, असं हल्ली सगळेच म्हणतात. आमच्या कॉलनीत म्हणतात, लॅबमध्ये म्हणतात. मला त्या वाक्यात काहीतरी कमी वाटतं. भाव वाढला, बरोबर, पण कोणासाठी? सगळ्यांसाठी सारखा वाढलेला भाव मी आजवर पाहिलेला नाही. हे मी पांढरकवड्याला शिकले, कापसाच्या एका हंगामात, टॉकीजच्या जिन्यावर उभी राहून.

लग्नाचं दुसरं वर्ष होतं. नवरा कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होता. ग्रेडर म्हणजे गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालून आतला मूठभर कापूस बाहेर काढायचा, ओल बघायची, धागा ओढून लांबी बघायची आणि प्रत सांगायची. वरची प्रत निघाली तर भाव वरचा. खालची निघाली तर खालचा. आणि 'कवडी', म्हणजे किडका-डागी माल, म्हटलं, की माणूस गाडीकडे बघत उभा. हे सगळं दोन मिनिटांत. शेतकऱ्याने उन्हाळ्यात नांगरल्यापासून वेचणीपर्यंत जे काही केलं, त्याचा निकाल माझ्या नवऱ्याच्या दोन बोटांत असायचा. लग्न ठरलं तेव्हा हे मला कोणी सांगितलं नव्हतं. "सरकारी खरेदीत आहे," एवढंच सांगितलं होतं.

कापूस फक्त सरकारलाच विकायचा, त्या एकाधिकार खरेदीची ती शेवटची वर्षं. कापसाचं सगळंच बिनसलं होतं. पेपरमध्ये रोज वाईट बातमी असायची आणि बाजारात लोक एकमेकांशी हळू बोलायचे. तरी हंगाम आला की गावाला हंगामाचा वास यायचा. सरकीचा तेलकट वास, बैलांचा वास, सकाळच्या थंडीत पेटवलेल्या पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळक्या झाडांचा, धूर. गाड्यांची रांग जिनिंग कारखान्याच्या फाटकापासून हायवेपर्यंत जायची. हैदराबादकडे जाणारे ट्रक हॉर्न वाजवत तिच्या बाजूने निघून जायचे. माझ्या वाळत घातलेल्या साड्यांवर संध्याकाळपर्यंत कापसाची लव बसलेली असायची. झटकली तर नाकात जायची.

टॉकीज ही त्या हंगामाचाच भाग होती. गाडी मोजून झाली की बैल सोडायचे, आलुबोंडा खायचा आणि सहाचा शो पाहायचा, अशी आसपासच्या खेड्यांची रीतच होती. बायकापोरं मुद्दाम गाडीबरोबर यायची त्यासाठी. शेतात पहिल्या वेचणीला सीतादही करायचं, दही-भात शिंपडायचा, आणि पहिली गाडी विकली की टॉकीज. दोन्ही सारख्याच भक्तीने. सकाळी झाडणारी बाई थर्ड क्लासमधून टोपलीभर कापूस गोळा करायची. लोकांच्या धोतरांना, लुगड्यांना चिकटून आत आलेला. बाल्कनीत तिला फक्त फल्लीची, भुईमुगाच्या शेंगांची, टरफलं सापडायची.

ज्या आवारात खरेदी केंद्र होतं, ती जिनिंग ज्या शेटजींची, टॉकीजही त्यांचीच. आमच्याकडच्या गावांत हे नवल नव्हतं. दिवसा एका फाटकातून बाहेर पडलेला पैसा संध्याकाळी दुसऱ्या फाटकातून घरी परत.

आम्ही दर शनिवारी बाल्कनीत बसायचो. तिकीट कधी काढलं नाही. गेटकीपर बॅटरी बगलेत धरून सलाम करायचा, "या साहेब, या वहिनी," आणि आम्ही वर. आमच्या मागेपुढे अशीच मंडळी. ठाण्यातले, तहसीलीतले, वीज खात्यातले. बायका एकमेकींच्या साड्या बघायच्या, पुरुष एकमेकांना नमस्कार करायचे. कोणाच्याही हातात तिकिटाचा तुकडा नाही. मी ज्या घरात वाढले आणि ज्या घरात आले, ती दोन्ही नोकरदारांची. आमच्या लोकांत माणसाची पायरी अशीच मोजत. तुम्हाला काय काय विकत घ्यावं लागत नाही, यावरून.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला टॉकीजच्या फळ्यावर नवीन दर लागले. बाल्कनी दुप्पट झाली होती आणि थर्ड क्लासही जवळजवळ तेवढ्याच पटीने. कारण विचारणाऱ्यांना मॅनेजर सांगायचा की बाल्कनीत नवीन गाद्या बसवल्या, आणि लोडशेडिंगमुळे जनरेटरला डिझेल लागतं. मॅनेजर म्हणजे शेटजींचा भाचा. गाद्या बाल्कनीत बसवल्या तर बाकड्यांचा दर का वाढला, हे मला कळेना. शिवाय गावात पैसा नाही असं सगळे म्हणत असताना दर वाढवणारा माणूस एक तर मूर्ख असतो, नाही तर त्याची कमाई दुसरीकडून होत असते. शेटजी मूर्ख नव्हते.

त्यानंतरच्या एका शनिवारी नवरा पान घ्यायला थांबला आणि मी बायकांच्या तिकीट खिडकीजवळ उभी राहिले. खिडकीवर दोघी होत्या, एकमेकींच्या जावा असाव्यात. थोरलीच्या कडेवर पोर. केसांत कापूस.

"काहून जी, मागच्या साली तं निम्मं तिकीट होतं?"

आतून आवाज आला, "भाव वाढला. घ्यायचं तर घ्या, मागे रांग आहे."

रांग म्हणजे मी.

"आमच्या कापसाचा उतरला अन् तुमच्या पडद्याचा चढला?" थोरली म्हणाली. "वा रे वा. पडदा का सोन्याचा लावला?"

"चाल वो बाई," धाकटी म्हणाली. "आलुबोंडे खाऊ अन् जाऊ घरी. पिच्चर पाहून का पोट भरते?"

"तुले नाही पाह्याचा तं तू जाय. मी पोट्ट्याले सांगून ठेवलं हाये."

तेवढ्यात नवरा आला. गेटकीपरने सलाम केला. "या साहेब, या वहिनी." आम्ही जिना चढायला लागलो. मागून थोरलीचा आवाज आला.

"यायले नाही विचारलं तिकीट?"

"ग्रेडरसाहेब होय थो. सकाळी आपल्या गाडीत हात घातला नाही का त्यानं?"

"हौ काय?" ती म्हणाली. "मंग बरोबर."

ती चिडून बोलली असती तर मी दुसऱ्या दिवशी विसरले असते. लोक चिडतात. पण तिचा आवाज अगदी शांत होता. सकाळपासून अडलेलं काहीतरी तिला एकदम उमगलं, अशा सुरात ती बोलली. नव्या गादीवर बसून मी तो सिनेमा पाहिला, पण त्यात काय होतं ते मला सांगता येणार नाही. पूर्ण वेळ मी शेजारी बसलेल्या माणसाचे हात बघत होते. बोटांच्या पेरांत कापसाची लव अडकलेली होती. फल्ली फोडताना ती दाण्यांना लागत होती.

जेवायला बसलो तेव्हा मी विचारलं, "आपलं तिकीट कोण काढतं?"

"पास आहे ना."

"कशाचा?"

"केंद्रावरच्या लोकांचा असतो. पहिल्यापासून आहे."

"केंद्रावर हमालही आहेत. त्यांना आहे?"

"तू पण ना! हमालाले कायले देतील?"

"मी तेच विचारते. तुम्हाला कायले देतात?"

सासरे समोर बसले होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. तहसीलीतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचे, सचोटीबद्दल गावात नाव असलेले. त्यांनी ताटातून मान वर केली. "सूनबाई, त्याले मान म्हणतात. मी उभी नोकरी केली, कोण्या माणसाचा चहा फुकट पेलो नाही. अन् टॉकीजचं तिकीट जन्मात काढलं नाही."

दोन्ही वाक्यं एका दमात, एकाच अभिमानाने. त्यांच्या तोंडाकडे बघून मला कळलं की ते खोटं बोलत नाहीत. लाच म्हणजे पाकिटात घातलेली नोट, ती त्यांनी कधी घेतली नाही. मान म्हणजे दारात उभा असलेला सलाम, तो त्यांनी कधी नाकारला नाही. दोन्ही एकाच खिशातून येत असतील, ही शंका आमच्या लोकांना कधी शिवत नाही. तिकीट स्वस्त होतं तोवर ते खपूनही गेलं. चहाच्या किमतीच्या वस्तूला कोण काय म्हणणार? पण भाव दुप्पट झाला की फुकटही दुप्पट होतं. टॉकीजच्या फळ्यावर खडूने दर बदलले गेले, त्या दिवशी माझ्या नवऱ्याला न विचारता त्याचाही दर बदलला होता. आता खाली बसणारी बाई परत जाते आणि वर बसणारी मी गादीवर बसते, तेव्हा माझ्या गादीचे पैसे कोणीतरी कुठेतरी वसूल करत असणारच. कुठे, एवढंच मला कळत नव्हतं. गाडीत घातलेल्या हाताकडे बोट दाखवायला माझ्याकडे पुरावा नव्हता. नवराच बोललेला बरा, असं वाटायचं. तो बोलायचा नाही.

पुढच्या शनिवारी मी सरळ खिडकीवर गेले आणि थर्ड क्लासची दोन तिकिटं काढली. घरखर्चातून. त्या आठवड्यात भाजी कमी आली. नवरा जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर पोचला होता. हातात तिकिटं बघून तिथेच थांबला, एक पाय वर, एक खाली.

"वरती फुकट जागा आहे गं."

"म्हणूनच खाली बसू."

मॅनेजर ऑफिसातून धावत आला. "वहिनी, हे काय? आमची लाज काढता का? साहेबांचा मान आहे तो."

"हंगाम संपल्यावरही राहील का?"

"म्हणजे?"

"म्हणजे फाल्गुनात. केंद्र बंद झालं की. तेव्हाही बाल्कनीत बसवणार असाल तर आत्ता सांगा, पैसे परत घेते."

तो हसला. "तुम्ही पण ना वहिनी, लय मजाक करता." आम्ही बसल्यावर त्याने थंड पेयाच्या दोन बाटल्या पाठवल्या. मी परत केल्या. नवऱ्याला तहान लागली होती. बाटल्या दाराबाहेर जाईपर्यंत तो त्यांच्याकडे बघत होता.

थर्ड क्लासमध्ये मी त्याआधी कधी बसले नव्हते. बाकड्यांना पाठ नव्हती. खोबरेल तेल, विडी, घाम आणि या सगळ्याखालून सरकीचा वास. गारठ्यामुळे लोक एकमेकांना चिकटून बसले होते. निम्मी बाकडी मोकळी होती, तरी आमच्या बाकड्यावरची माणसं नवऱ्याला बघून आणखी सरकली. "बसा साहेब." आजूबाजूची बोलणी थांबली. तो खांदे आखडून बसला, जसं काही पेपरला बसलाय आणि सगळ्या वर्गाला त्याचे मार्क आधीच माहीत आहेत.

मध्यंतरात दिवे लागले. पुढच्या बाकड्यावरच्या एका म्हाताऱ्याने मान वळवली. बराच वेळ त्याने बघितलं. मग विचारलं, "साहेब, माहा कापूस खरंच कवडी होता का?"

तक्रारीचा सूर नव्हता. डॉक्टरला विचारतात तसा सूर होता.

नवरा म्हणाला, "उद्या केंद्रावर या. बघू."

"उद्या तं गाडी गावाले जाईन, साहेब. मी आत्ताच इचारून राह्यलो."

दिवे गेले. म्हाताऱ्याने मान पुढे केली आणि पडद्याकडे बघायला लागला.

त्या दिवसापासून आम्ही पासावर गेलो नाही. जायचं झालं तर तिकीट काढून, महिन्यातून एखादे वेळी. आप्पा काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत. गेटकीपरचा सलाम संक्रांतीच्या आत थांबला. नवरा घरी उशिरा यायला लागला. म्हणायचा, शेटजींकडून आलेल्या गाड्या दोनदा बघाव्या लागतात. हे ऐकून मी सुखावले नाही. दोनदा बघाव्या लागतात हे जर आता कळलं, तर आधी कितीदा बघत होते? पण तो दमून यायचा. मला तेव्हा सायलीचे दिवस गेले होते. फाल्गुनात केंद्र बंद झालं आणि पुढे ती खरेदीही बंद झाली. नवऱ्याला यवतमाळात दुसऱ्या खात्यात घेतलं. टॉकीज त्यानंतर थोडीच वर्षं चालली. दर वाढत गेले तशी आधी बाकडी रिकामी झाली, मग मधल्या खुर्च्या. बाल्कनी शेवटपर्यंत भरलेली असायची म्हणे. पासवाल्यांवर टॉकीज चालत नाही, हे शेटजींच्या भाच्याला बहुतेक तेव्हा कळलं असेल. आता तिथे मंगल कार्यालय आहे.

सायलीच्या तिकिटांवर आम्ही परवा शनिवारी गेलो. दारात गार्डने माझी पर्स उघडायला लावली आणि फल्लीदाण्यांची पुडी काढून घेतली. कारण विचारलं तर म्हणाला, "सुरक्षा आहे मॅडम." फल्लीदाण्यांनी कोणाच्या जिवाला धोका होतो, हे मी त्याला विचारलं, तो बिचारा हसला. आत गालिचा, थंडगार हवा, सगळ्या खुर्च्या गादीच्या. जिना नाही, थर्ड क्लास नाही. सगळे एकाच पातळीवर बसतात म्हणून कोणाला वाटेल, सुधारणा झाली. मला तसं वाटलं नाही. ज्या बाया तेव्हा खिडकीपर्यंत येऊन परत जायच्या, त्या आता रस्त्यावरूनच पुढे जातात, एवढाच फरक. त्यांना परत जाताना कोणी बघत नाही. आजच्या पासवाल्यांनाही कोणी बघत नाही. ते कोण आहेत आणि त्यांचं तिकीट कोण काढतं, ते मला माहीत नाही. पण असतील, एवढं नक्की.

मध्यंतरात नवरा मक्याच्या लाह्यांचा भाव बघून आला आणि रिकाम्या हाताने खुर्चीत बसला. "लूट आहे सगळी. पांढरकवड्याला आपण बाल्कनीत बसायचो, कधी एवढे पडले नाहीत."

"पडलेच नव्हते तुम्हाला."

पुढच्या रांगेत कॉलेजची पोरं फोनवर काहीतरी बघून हसत होती. पडद्यावर जाहिराती चालू होत्या. मी त्याच्याकडे न बघता विचारलं, "मी तिकीट काढायच्या आधी, त्या हंगामात, काही झालं होतं का?"

मला वाटलं, आठवत नाही म्हणेल. वीस वर्षांहून जास्त झाली. पण हा माणूस अजूनही गादीवाल्याकडे गेला की कापूस चिमटीत धरून धाग्याची लांबी सांगतो. त्याला आठवत नाही हे मी मान्य केलं नसतं, आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

"शेटजींच्या गाड्या आल्या होत्या," तो म्हणाला. "खेड्यातून पडेल भावात घेतलेला माल, शेतकऱ्यांच्या नावावर. लागोपाठ तीन दिवस. माल ओला होता. हात घातला की बाहेर ओलाच यायचा."

"मग?"

"वरची प्रत सांगितली."

"का?"

"शनिवार होता गं." हे बोलल्यावर त्यालाच ते कसं ऐकू आलं कोण जाणे. त्याने घसा साफ केला. "म्हणजे, कोणी काही मागितलं नव्हतं. शपथ. मॅनेजर नुसता म्हणाला, संध्याकाळी येताय ना साहेब."

"आणि तो म्हातारा? कवडीवाला?"

"त्याचा कवडीच होता. तो मी बरोबर सांगितला होता." मग म्हणाला, "त्याला तिथेच सांगायला पाहिजे होतं."

दिवे मंद व्हायला लागले. तो हळूच म्हणाला, "घरी जायचं का?"

"तिकिटाचे पैसे पोरीने भरलेत," मी म्हटलं. "बसा."

सिनेमा पुन्हा सुरू झाला. या नव्या खुर्च्या कितीही महाग असल्या तरी दोन खुर्च्यांच्या मध्ये हात टेकायला दांडी एकच असते. तिच्यावर आमचे दोघांचे हात होते, पहिल्यापासून. मी माझा हलवला नाही. थोड्या वेळाने त्याने त्याचा उचलला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला.